आमिषाचा हिशेब

नाताळच्या आठवड्यात शेजारच्या ख्रिस्ती घरातून कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटली आली की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या सोसायट्यांत कुणी ना कुणी हळूच म्हणतं, "आधी करंज्या, मग शाळा, मग दवाखाना, शेवटी बाप्तिस्मा." बोलणारा माणूस बहुधा सज्जन असतो. त्याच्या मुलीची दहावी कॉन्व्हेंटमध्ये झालेली असते, आईचं ऑपरेशन नन्सच्या हॉस्पिटलात झालेलं असतं, आणि ताटलीतल्या करंज्या संपवूनच तो हे बोलतो. दिवाळीत याच घरातून तिकडे फराळाचा डबा गेलेला असतो, त्यात मात्र त्याला कसलंही आमिष दिसत नाही.

या समजाला आता प्रतिष्ठा आली आहे. चर्चने चर्चबाहेरच्या माणसासाठी काहीही केलं, तरी त्याचा अंतिम हेतू धर्मांतर हाच, असं सुशिक्षित मंडळीही गृहीत धरतात. मला हा समज चुकीचा वाटतो. निदान मुंबईच्या उपनगरांपुरता तो पुराव्याला टिकत नाही, आणि का टिकत नाही ते इथे सांगायचं आहे.

आधी पूर्वपक्ष. आपल्याकडे वाद घालण्याची शिस्त होती. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून पाद्री जॉन विल्सन यांना आव्हान दिलं आणि विल्सननी पुस्तक काढून उत्तर दिलं. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत, आणि त्याचीही पुस्तकं निघाली. समोरच्याचं म्हणणं नीट वाचल्याशिवाय ही माणसं लेखणी उचलत नसत. म्हणून धर्मांतराचा संशय घेणाऱ्याची बाजूही तिच्या पूर्ण ताकदीने मांडली पाहिजे.

ताकद आहेच. बोरिवलीत माउंट पोयसरच्या पायथ्याशी मंडपेश्वरची लेणी आहेत, शैव लेणी, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची. १५३४ च्या तहाने वसईसह साष्टी, म्हणजे आजच्या उपनगरांचं बेट, पोर्तुगीजांकडे गेली, आणि मागोमाग आलेल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी, त्यांत अंतोनियु दु पोर्तु हे नाव ठळक, याच लेण्याचं चर्च केलं. वर टेकडीवर त्यांनी मठ आणि विद्यालय बांधलं. त्याच्या छप्पर गेलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. खाली लेण्यात एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. आत शिवपिंडीवर फुलं असतात, आणि काही पावलांवर हा क्रूस. तो पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली, तर त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. देवळं पाडली गेली, राजसत्तेच्या जोरावर बाप्तिस्मे झाले, हा इतिहास आहे आणि तो ख्रिस्ती इतिहासकारही नाकारत नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात दुष्काळाच्या वर्षांत महार-मांग वस्त्या मिशनकडे वळल्या. पोटाची आग आणि बाप्तिस्मा यांचा तिथे काहीच संबंध नव्हता, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

पण पूर्वपक्ष इथेच एक गफलत करतो. सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज राज्य, एकोणिसाव्या शतकातली प्रॉटेस्टंट मिशनं आणि आजच्या अंधेरी-घाटकोपरमधलं पॅरिश या तीन निरनिराळ्या गोष्टी तो एकाच पोत्यात भरतो. पहिलीच्या हातात तलवार होती, दुसरीच्या हातात पुस्तक आणि दुष्काळात धान्य. तिसरीच्या हातात काय आहे ते तपासायला हवं.

साष्टीचंच उदाहरण घ्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, साष्टी त्याच्या थोडी आधीच मराठ्यांच्या ताब्यात आली होती. पोर्तुगीज सत्ता संपली, जबरदस्ती करणारा हातच उरला नाही. वसईच्या शरणागतीत ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळू द्यावा असं ठरलं होतं आणि मराठ्यांनी ते बहुतांशी पाळलं. पुढे १७७४ मध्ये इंग्रज येईपर्यंत सुमारे साडेतीन दशकं इथे मराठ्यांचं राज्य होतं. जबरदस्तीने बाटलेली म्हणून ज्यांची आपण कीव करतो, त्या शेतकरी-कोळ्यांच्या वंशजांना परत फिरायला याहून चांगली संधी कोणती? थोडे फिरले असतील. बहुसंख्य राहिले. त्यांची भाषा मराठीच राहिली, लग्नात उंबराचं पाणी आणणं राहिलं, सुगीचा आगेरा राहिला, आणि रविवारचा मिस्साही राहिला. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. चकाला, मरोळ, कुलवेम, गोराई ही त्यांचीच गावठाणं. उपनगरांतलं जुनं चर्च हे या मूळच्या गावकऱ्यांचं आहे, कुणा उपऱ्याचं ठाणं नव्हे.

आता आकडे पाहू. शाळा, दवाखाने आणि अनाथालयं ही आमिषं असतील, तर महाराष्ट्रात ती दीडशे वर्षांहून अधिक काळ टाकलेली आहेत. फळ काय मिळालं? १९७१ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती १.४२ टक्के होते. २००१ मध्ये १.०९ टक्के आणि २०११ मध्ये ०.९६ टक्के. २००१ मध्ये त्यांची संख्या १० लाख ५८ हजार होती, दहा वर्षांनी ती १० लाख ८० हजार झाली. राज्याची लोकसंख्या याच दशकात सोळा टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती वाढले दोन टक्क्यांनी. चर्चच्या शाळांची इतकी दाटी असलेल्या मुंबईतही २०११ मध्ये ख्रिस्ती सव्वातीन टक्क्यांच्याच आसपास होते. इतका तोट्यातला धंदा कुठलाही शहाणा व्यापारी शतकानुशतकं चालवत नाही.

यावर एक हुशार उत्तर येतं आणि ते टाळता येणार नाही. आकडे खोटे आहेत, धर्मांतरित लोक कागदावर हिंदूच राहतात. यात तथ्याचा अंश आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात. त्यामुळे काही कुटुंबं मनाने येशूकडे आणि दाखल्यावर जुन्या जातीत राहतात. पण या युक्तिवादाचं दुसरं टोकही धरून बघा. बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते, म्हणजे कायद्याने आमिष उलट्या बाजूला ठेवलेलं आहे. शिवाय कॉन्व्हेंटांतून बाहेर पडलेल्या लाखो मुलांचं काय? मुलुंड-घाटकोपरच्या या शाळांत गुजराती, ब्राह्मण, मराठा, आगरी, शेट्टी अशा सगळ्या घरांतली मुलं शिकली. त्यातल्या बहुतेकांना लपवायला अनुसूचित जातीचा दाखला नव्हता. ती ख्रिस्ती झाली असती तर जनगणनेत दिसली असती. ती गणपतीच्या मंडळात दिसतात, पर्युषणात उपास करताना दिसतात, अमेरिकेच्या व्हिसासाठी बालाजीला नवस बोलताना दिसतात.

जन्मदर आणि परदेशी जाणं यांनी ख्रिस्ती संख्या घटते, म्हणून धर्मांतरं झाकली जातात, असंही कुणी म्हणेल. काही प्रमाणात तसं होतही असेल. पण उपनगरातल्या प्रत्येक शाळेवर आणि प्रत्येक दवाखान्यावर ज्या प्रमाणाचा आरोप केला जातो, ते प्रमाण दोन टक्क्यांच्या दशवाढीत कुठे मावायचं?

मिशनच्या शाळेत गेला की मुलगा हातचा गेला, हे गणित महाराष्ट्राच्या इतिहासाने तर केव्हाच मोडून टाकलं आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला सिंथिया फरार यांच्याकडे घेतले. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, ख्रिस्ती विचारांचा परिणामही जोतीरावांच्या लेखनावर उघड दिसतो. बाप्तिस्मा मात्र दोघांनीही घेतला नाही. १८७३ मध्ये निघाला तो सत्यशोधक समाज. पुढे १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूंसह सगळ्याच धर्मांची मंडळी निमंत्रणं घेऊन पुढे आली. एकवीस वर्षं विचार करून बाबासाहेब बुद्धाकडे गेले. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर होते, ख्रिस्त्यांच्या सहापट. आधुनिक महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं धर्मांतर नागपूरच्या मैदानावर उघड, दिवसाढवळ्या, बावीस प्रतिज्ञा घेऊन झालं. ज्यांना 'आमिषाला सहज भुलणारे' म्हणून आपण हिणवतो, त्यांनीच मिशनच्या शाळा, दवाखाने आणि धान्य पाहिलेलं असूनही स्वतंत्र निर्णय घेतला. गरीब माणसाला स्वतःचा धर्म निवडण्याइतकी अक्कल नसते, हे या सगळ्या वादातलं न बोललेलं गृहीतक आहे. मला ते सर्वांत जास्त खुपतं.

उपनगरातल्या कॅथलिक शाळेत प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं तर वाद बराच निवळेल. वेळापत्रकात एक तास असतो. घंटा झाली की वर्गातली कॅथलिक मुलं दप्तरातलं वेगळं पुस्तक काढून कॅटेकिझमला दुसऱ्या खोलीत जातात. उरलेला वर्ग, आणि बऱ्याच शाळांत तो मोठा असतो, मॉरल सायन्सला जागेवरच बसतो. त्यात खोटं बोलू नये, आईला कामात मदत करावी असले धडे असतात. मुलं बहुतेक वेळ गणिताचा गृहपाठ उरकतात आणि बाई डोळेझाक करतात. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. शाळांनी तो नियम पाळलाच, पण मुद्दा त्याहून पुढचा आहे. धर्मप्रसारासाठी टपून बसलेली संस्था आठवड्यातला हा एकमेव तास परधर्मीय मुलांना वगळण्यासाठी वापरते का?

संशय घेणारा असं समजतो की चर्च बाहेर पडून लोकांना गाठतं. उपनगरात बहुतेक वेळा उलटं घडतं. लोकच चर्चमध्ये जातात, आपल्या अटींवर जातात आणि काम झालं की घरी परततात. बांद्र्याची जत्रा पाहा. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, जागा हवी असेल तर मेणाचं घर. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू आणि हातात झेंडूचा हार घेऊन आलेल्या बाईला दारात कुणी विचारत नाही की तू कोणाची. पायथ्याशी ती भेळ खाते, मुलाला पिपाणी घेते आणि बसने अंधेरीला परत येते. माहीमच्या सेंट मायकेलमध्ये बुधवारी जी रांग लागते, तिथेही हेच दिसतं. नोव्हेनाची प्रार्थना इंग्रजी, कोकणी, हिंदी, तमिळ आणि मराठीतही होते. बोरिवलीहून लोकलने आलेली कितीतरी मंडळी नऊ बुधवार झाले की सिद्धिविनायकाला जातात. नवसाला धर्म नसतो हे आपल्या आज्या जाणत होत्या.

हे चालतं म्हणून काही कट्टर ख्रिस्ती नाराज असतात. येणाऱ्याला तारणाचा निरोप सांगत नाही, नुसत्या मेणबत्त्या पेटवू देता, अशी त्यांची तक्रार. पॅरिशचे पाद्री ती मनावर घेत नाहीत, आणि त्यामागे धर्मशास्त्रही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यावरील घोषणेत स्पष्ट बजावलं की श्रद्धेचा प्रसार करताना दबावाची किंवा अप्रामाणिक मन वळवण्याची छटासुद्धा येता कामा नये, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आमिष दाखवणारा कॅथलिक पाद्री आधी स्वतःच्या चर्चचा गुन्हेगार ठरतो.

अंधेरीचीच आणखी दोन ठिकाणं सांगतो. १९६२ पासून जेझुइटांचं 'स्नेहसदन' स्टेशनांवर आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना घर देत आलं आहे. तिथे मोठं वसतिगृह नसून छोटी घरं आहेत, घर चालवणारी माणसं आहेत, आणि सण सगळ्यांचे होतात. महाकाली गुंफा रस्त्यावर होली स्पिरिट हॉस्पिटल आहे. एमआयडीसीतल्या कामगारापासून चकाल्याच्या आजीपर्यंत सगळे त्याच्या ओपीडीत एकाच बाकावर बसतात. भिंतीवर क्रूस आहे, तो लपवलेला नाही. केसपेपरवर धर्म पाहून कुणाला औषध कमी-जास्त मिळाल्याचं सिद्ध करून दाखवा, मी हा लेख मागे घेईन.

आणखी एक आक्षेप हल्ली फार चलतीत आहे. चर्चमध्ये भजनं म्हणतात, आरती करतात, मेरीला साडी नेसवतात, ही म्हणे फसवणूक. याच अंधेरीत जॉर्ज प्रोक्श या युरोपातून आलेल्या पाद्र्यांनी ज्ञान आश्रम काढला, शास्त्रीय संगीत आणि नृत्यातून येशूचं चरित्र रंगमंचावर आणलं. संशय घेणाऱ्यांना यातही सापळा दिसतो. मग सतराव्या शतकापासूनची सगळीच यादी काढावी लागेल. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' ओवीत छापलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर अभंग लिहीत राहिले. ओवी-अभंग ही कुणा एका धर्माची मालमत्ता आहे असं मानलं, तर मराठीचं अर्धं वैभव आपणच तिच्या अंगावरून उतरवू.

चंगाई सभांविषयी बोलायचं टाळणार नाही. भाड्याच्या हॉलमध्ये, झोपडपट्टीच्या कडेला, कर्ण्यावरून कॅन्सर बरा करण्याच्या गर्जना करणारे स्वयंघोषित पास्टर आहेत. जुन्या कॅथलिक, मार थोमा किंवा मराठी प्रॉटेस्टंट चर्चशी बहुतेकांचा संबंध नसतो. आजाऱ्याला औषध बंद करायला सांगणारा माणूस समाजाला घातक आहे, त्याच्या गळ्यात क्रूस असो की रुद्राक्ष. त्यासाठी आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तो कायदा धर्म पाहत नाही. फसवणूक आणि धमकी यांना फौजदारी कायद्यात शिक्षा आहेच. आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निकाल देऊन ठेवला आहे. इतकी साधनं हाताशी असताना तक्रार नोंदवायची सोडून शेजारणीच्या करंजीवर का घसरायचं?

खंडन झालं, थोडं मंडनही करायला हवं, कारण चर्चला निर्दोष ठरवून मला थांबता येणार नाही. उपनगरातल्या चर्चचा खरा दोष मला धर्मांतराच्या अगदी उलट टोकाला दिसतो: ते पुरेसं बाहेर येतच नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी चर्चेसमध्ये प्रार्थना मल्याळममध्ये होते, तमिळमध्ये होते, कोकणीत होते, इंग्रजीत तर सर्वत्र. मराठी माणसाला बाटवण्याचा कट मल्याळममधून शिजत असेल, तर कट करणाऱ्यांच्या बुद्धीची कीव करावी लागेल. पण गंमत बाजूला ठेवू. शेजारी राहणाऱ्या मराठी घराला आत काय म्हणतात ते कळत नाही, आणि न कळण्यातूनच संशय वाढतो. कॉन्व्हेंटांनी चार पिढ्या घडवल्या, पण बहुतेक ठिकाणी मराठी त्यांना परीक्षेच्या विषयापुरतीच लागली.

वसईने हे जास्त चांगलं केलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी बिल्डर आणि पाणीमाफियांविरुद्ध सगळ्या धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन चळवळ उभी केली, बायबलचं मराठी 'सुबोध बायबल' केलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका पाद्र्याला अध्यक्ष का केलं म्हणून धमक्या आल्या. संमेलन व्हायचं तसं झालं. वसईतल्या हिंदू शेतकऱ्याला दिब्रिटोंविषयी विचारा, तो पाण्याविषयी बोलेल. चर्चने बाहेरच्या माणसाशी नातं जोडायचं ते असं, त्याच्या भाषेत आणि त्याच्या प्रश्नावर. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी ख्रिस्ती कवीला जे सुचलं, ते आजच्या अंधेरी-मुलुंडच्या पॅरिश कौन्सिलांना सुचायला हरकत नाही. वर्षातून चार वेळा फाटक उघडून मराठीत सांगा की आम्ही काय करतो, शाळेचा आणि ट्रस्टचा हिशेब फलकावर लावा, वॉर्डातल्या पाण्याच्या आणि कचऱ्याच्या सभेला पाद्र्यांनी येऊन बसावं.

माझं म्हणणं तपासायची संधीही आता जवळ आहे. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून करायचं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे. ०.९६ चा आकडा दुप्पट-तिप्पट झालेला निघाला, तर माझा युक्तिवाद पडला असं खुशाल समजा. तो तिथेच घुटमळला किंवा आणखी घसरला, तर आमिषाची भाषा बोलणाऱ्यांनीही ती सोडून द्यावी.